लेन्को एल ७५ ची बांधणी : आजोबांच्या टर्नटेबलविषयीच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

हिंगणघाट तालुक्यातील आपल्या गावातून आपण विचारले आहे की, आजोबांच्या वाड्यात माडीवर धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवलेले लेन्को एल ७५ हे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, सापडले. वीज दिल्यावर ते फिरते, परंतु गाणे मधूनच ओढल्यासारखे होते, खालून घरघर येते आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपल्या जागी डुगडुगतो. वर्ध्याचा एक खरेदीदार ते उचलून न्यायला तयार आहे. या यंत्राची बांधणी लोक सांगतात तितकी चांगली आहे काय, ते दुरुस्त करावे, की विकून बाजारात मिळणारे नवे, सुटकेससारखे प्लेअर घ्यावे, असा आपला प्रश्न आहे.

दारव्ह्याला रेडिओ, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचे काम मी गेली चाळीस वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सुरुवातीलाच सांगतो की, यंत्र विकू नये. आपण वर्णन केलेले तिन्ही दोष रबर, वंगण आणि दोन लहानशा ठोकळ्यांचे आहेत, आणि या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी होऊ शकतात. यंत्रात जे मोलाचे आहे ते लोखंड, जस्त आणि पितळ यांत आहे. ते बहुधा अजून शाबूत असेल. जुन्या टर्नटेबलची पारख करताना मी नेहमी एकच पाहतो : जे आज पुन्हा घडवता येणार नाही ते सुस्थितीत आहे काय. बाकी सर्व नंतर पाहता येते.

लेन्को ही स्वित्झर्लंडमधील बुर्गडोर्फ गावची कंपनी. एल ७५ हे तिचे टर्नटेबल १९६७ साली आले, आणि इंग्लंडमध्ये तेच गोल्डरिंग या नावाने जीएल ७५ म्हणून विकले गेले. त्या काळात चांगले टर्नटेबल म्हटले की इंग्लंडमधील स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीच्या ३०१ आणि ४०१ या यंत्रांचे, किंवा स्वित्झर्लंडच्याच थोरेन्स टीडी १२४ चे नाव निघत असे. ती यंत्रे महाग होती. लेन्को त्यांच्यापेक्षा स्वस्त होते, म्हणून पुष्कळ वर्षे ते दुय्यम मानले गेले; पण त्याची थाळी आणि फिरण्याची रचना पाहिली, तर हा दर्जा त्याला किमतीमुळे मिळाला, कामामुळे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

थाळीपासून सुरुवात करतो, कारण या यंत्राचा प्राण तीच आहे. एल ७५ ची थाळी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असून तिचे वजन सुमारे ४ किलो आहे, आणि त्यातील बराचसा भाग मुद्दाम कडेकडे ठेवलेला आहे. जात्याची वरची तळी एकदा वेगात आली की हाताचा जोर कमीजास्त झाला तरी ती एकसारखी फिरत राहते, हे आपल्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीला ठाऊक आहे. इथे तेच तत्त्व आहे. मोटरच्या फिरण्यात बारीक धक्के असतात, आणि सुई खोबणीत जोराच्या आवाजापाशी पोहोचली की तिची ओढही क्षणभर वाढते. हलकी थाळी हे सर्व सुरांतून दाखवते, जड थाळी ते पोटात घेते. सुटकेससारख्या स्वस्त नव्या प्लेअरमध्ये थाळी प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची, काही शे ग्रॅमची असते, आणि तिच्यावर १२ इंची रेकॉर्ड ठेवली की ती कडेने बाहेर लोंबते. हार्मोनियमचा लांब धरलेला सूर अशा यंत्रावर लावून ऐकावा, तो थरथरतो.

जस्ताच्या थाळीचा आणखी एक गुण क्वचितच कोणी सांगतो. ती लोहचुंबकाला चिकटत नाही. चुंबकीय कार्ट्रिजच्या, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या लहान डबीच्या, पोटात शक्तिशाली चुंबक असतो, आणि थाळी लोखंडी असली तर तो खाली ओढला जाऊन सुईवरील भार आपण ठरवल्यापेक्षा वाढतो. थोरेन्स टीडी १२४ च्या जुन्या लोखंडी थाळीवर काही कार्ट्रिजांना हा त्रास होतो. लेन्कोवर तो प्रश्न येत नाही. मात्र जस्ताची ओतीव वस्तू ठिसूळ असते. ती पडली तर वाकण्याऐवजी तिचा तुकडा उडतो, आणि एकदा कड मारली गेली की कोणताही लेथ ती पूर्ववत करून देत नाही. म्हणून थाळी काढताना खाली गादी अंथरावी आणि ती दोन्ही हातांनी सरळ वर उचलावी.

थाळी मधल्या आसावर फिरते. हा आस जाड पोलादाचा असून पितळी धातूच्या बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरतो, आणि सर्व भार तळाशी पोलादी गोळीवर व तिच्याखालच्या चकतीवर येतो. चार किलोंचा भार एका बिंदूवर पेलायचा, म्हणून तेथे वंगण सतत असावे लागते. बेअरिंग तपासण्याची माझी पद्धत अशी : यंत्र बंद स्थितीत ठेवावे, म्हणजे रबरी चाक थाळीपासून सुटलेले राहते, मग थाळीला हाताने मिनिटाला अंदाजे तेहतीस फेऱ्यांच्या वेगाने फिरवून सोडून द्यावे आणि घड्याळ लावावे. चांगल्या बेअरिंगची थाळी मिनिटभराहून खूप अधिक वेळ, कोणताही आवाज न करता फिरत राहते आणि हळूहळू विसावते. ती लवकर थांबली तर जुने वंगण चिकट झाले आहे. खरखर करीत थांबली तर गोळी किंवा चकती झिजली आहे. थाळीची कड दोन बोटांनी आडवी हलवून पाहावी. बोटाला टकटक जाणवली तर बुश झिजला आहे, आणि हा एकच दोष असा आहे की तो आढळल्यास मी दुरुस्तीच्या खर्चाचा पुन्हा विचार करायला सांगेन. आपण घरघर येते असे लिहिले आहे, पण थाळी हाताने फिरवल्यावरही ती येते की मोटर चालू असतानाच, हे लिहिलेले नाही. या चाचणीतून ते उलगडेल.

वंगणाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या भागात यंत्रे सर्वाधिक बिघडतात ती याच ठिकाणी. माझ्याकडे आलेल्या एका प्लेअरची थाळी हाताने जोर लावूनही फिरत नव्हती. घरच्या मंडळींनी प्रेमाने त्यात जवसाचे तेल घातले होते. जवसाचे तेल हवेशी संयोग पावून वाळते, म्हणूनच ते रंगांत आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. बेअरिंगमध्ये त्याचे व्हार्निश होते. खोबरेल तेल आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गोठते. शिलाई यंत्राचे तेल मोटरच्या बुशांना ठीक आहे, पण चार किलोंच्या थाळीखाली ते फार पातळ पडते. तेथे थोडे जाड, खनिज आणि स्वच्छ यंत्रतेल घालावे, थेंब मोजून. घालण्यापूर्वी बुश, आस आणि गोळी आधी पूर्ण पुसून घ्यावी. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असे एक बेअरिंग साफ करताना जुन्या ग्रीसबरोबर तळाची गोळी चिंधीत पुसून टाकली आणि ते माझ्या लक्षात आले नाही. थाळी आठवडाभर गोळीविना फिरली आणि चकतीवर कायमचा चरा पडला. गिऱ्हाईकाला मी नवी चकती करून दिली, पण मूळची गेली ती गेलीच. तेव्हापासून गोळी निघाली की ती आधी काड्यापेटीत जाते, मग पुढचे काम.

आता या यंत्राचे खरे वैशिष्ट्य. टर्नटेबलची थाळी फिरवण्याचे तीन मार्ग आहेत : मोटर आणि थाळी यांच्यात रबरी पट्टा, म्हणजे बेल्ट, दोघांच्या मध्ये दाबलेले रबरी चाक, म्हणजे आयडलर, किंवा थाळीच्या आसालाच जोडलेली संथ मोटर. तिसरा मार्ग टेक्निक्सच्या एसपी १० या यंत्राने १९७० साली बाजारात आणला, आणि दोनच वर्षांनी आलेल्या त्यांच्या एसएल १२०० मुळे तो जगभर पसरला. लेन्को दुसऱ्या प्रकारचे आहे, परंतु त्याची मांडणी गॅरार्डपेक्षा निराळी आहे. गॅरार्डमध्ये रबरी चाक आडवे असून ते थाळीच्या कडेला आतून टेकते. लेन्कोमध्ये मोटर आडवी बसवलेली आहे, तिचा दांडा लांब आणि एका टोकाकडे निमुळता होत गेलेला आहे, आणि रबरी चाक उभे राहून खालून थाळीच्या पाठीला टेकते. वेगाचा खटका सरकवला की चाक त्या निमुळत्या दांड्यावर पुढेमागे जाते. जाड भागावर गेले की थाळी वेगाने, बारीक भागावर गेले की संथ. त्यामुळे १६, ३३, ४५ आणि ७८ या चारही गतींच्या जागा ठरलेल्या असल्या, तरी त्यांच्या अलीकडे-पलीकडे हव्या त्या वेगावर चाक ठेवता येते.

हे केवळ सोयीचे वाटेल, पण आपल्या देशात त्याचा मोठा उपयोग आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० ची. तेथून आणलेले, ठरावीक पुलीचे जुने टर्नटेबल आपल्याकडे लावले तर ३३⅓ फेऱ्यांऐवजी मिनिटाला साधारण २७.८ फेरेच होतात आणि गायकाचा आवाज खोल, जड होऊन बसतो. पुली बदलल्याशिवाय त्याला उपाय नसतो. लेन्कोमध्ये चाक थोडे सरकवले की काम झाले. आणि जुन्या ७८ च्या रेकॉर्ड सर्वच अचूक ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील कित्येक रेकॉर्ड ७४, ७६, ८० अशा वेगांच्या आहेत. संवादिनीच्या पट्टीशी सूर जुळवून त्या ऐकायच्या असतील, तर असे यंत्र हाताशी असणे ही मोठी गोष्ट आहे.

आपली मुख्य तक्रार, गाणे ओढल्यासारखे होणे, याच ठिकाणची आहे. मोटर चार ध्रुवांची इंडक्शन मोटर आहे. ५० हर्ट्झवर तिचा मूळ वेग मिनिटाला १,५०० फेरे, आणि प्रत्यक्ष चालताना त्याहून थोडा कमी. हा फरक विजेच्या दाबावर अवलंबून असतो. आपल्या गावांत संध्याकाळी पंप आणि कुलर एकदम सुरू झाले की दाब १८० व्होल्टपर्यंत येतो, हे आपण मीटरवर पाहिले असेल; तेव्हा मोटर मंदावते आणि सुरांची पट्टी उतरते. पण ही उतरण संथ आणि सलग असते. मधूनच ओढल्यासारखे होते ते रबरामुळे. चाकाच्या कडेचे रबर पन्नास वर्षांत, आणि त्यातही विदर्भातील ४५-४६ अंशांच्या उन्हाळ्यांत, कडक होऊन चकचकीत बनते. मग ते दांड्यावर पकड धरीत नाही, घसरते. आमच्या लेथवाल्या मिस्त्रींनी असे एक चाक हातात घेऊन नखाने दाबून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, चाक नाई बिघडलं, याचं रब्बर मेलं हाये.” निदान तेवढेच आहे.

प्रथम स्वच्छ करून पाहावे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन रबराची कड, मोटरचा निमुळता दांडा आणि थाळीची पाठ, जिथे चाक घासते ते वर्तुळ, तिन्ही पुसावीत. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल रबराला लावू नये. ते रबर फुगवतात. पुसूनही घसरण राहिली तर रबर नवे बसवावे लागेल. शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या ज्या मिस्त्रींकडे चांगला लेथ आहे, त्यांच्याकडे चाकाच्या धातूच्या चकतीवर नवे रबर चिकटवून ते फिरते ठेवून घासून घेता येते. एकच अट त्यांना आवर्जून सांगावी : कड चकतीच्या मध्यापासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवी, कारण केसाएवढा फरकही थाळीच्या गतीत उतरतो. आणि यंत्र बंद करताना खटका पूर्ण बंदवर न्यावा. तसे केले की लेन्कोचे चाक थाळीपासून सुटते. केवळ भिंतीवरचे बटण बंद केले तर चाक दाबलेलेच राहते आणि रबरावर सपाट जागा पडते, जी पुढे टकटक म्हणून ऐकू येते.

वेग मोजायला महागडे साधन लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवावी आणि तीन मिनिटांत तिचे फेरे मोजावे; ३३⅓ च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. ज्यांना अधिक नेमके हवे त्यांनी स्ट्रोबची छापील चकती वापरावी. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा असतात; वेग बरोबर असेल तर त्या स्थिर दिसतात, वेग जास्त असेल तर पुढे सरकतात. साधा निऑनचा झिरो दिवा चालतो. हल्लीच्या कित्येक एलईडी दिव्यांचा प्रकाश लुकलुकत नाही, त्यांच्याखाली रेघा नुसत्या पुसट दिसतात. ही मोजणी करताना सुई रेकॉर्डवर टेकलेली असावी आणि यंत्र दहा मिनिटे चालून गरम झालेले असावे. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे यंत्र लावू नये. मोटर गुणगुणते आणि तापते.

मोटर खाली स्प्रिंगांवर टांगलेली असते, म्हणजे तिची थरथर चौकटीत जाऊ नये. ती सेकंदाला तेवीस-चोवीस फेरे घेते, आणि आपण ऐकलेली घरघर बहुधा त्याच खोल कंपनाची आहे. स्प्रिंगा लोंबल्या की मोटर तिरपी होते, दांडा थाळीशी समांतर राहत नाही आणि चाक एका कडेने झिजते. स्प्रिंगा बदलण्याआधी मोटरचे दोन्ही बुश साफ करून त्यांत तेल मुरू द्यावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घरघर तेवढ्यानेच जाते.

यानंतर ज्या भागाची स्तुती मी करू शकत नाही त्याकडे येतो. टोनआर्म दिसायला मजबूत आहे, त्यावर भार ठरवण्याची पट्टी आहे, बाजूच्या ओढीला तोलण्यासाठी दोऱ्याने टांगलेले लहान वजन आहे, हात हळू खाली सोडणारा खटका आहे. सोयी सगळ्या आहेत. पण वरखाली हलण्यासाठी तो दोन सुरीसारख्या धारांवर टेकतो, आणि त्या धारा ज्या व्ही आकाराच्या दोन मऊ ठोकळ्यांत बसतात ते ठोकळे काळाबरोबर भुसभुशीत होऊन चुरा होतात. आपला आर्म डुगडुगतो तो याचमुळे; या मॉडेलमध्ये हा दोष इतका ठरलेला आहे की न पाहता सांगता येतो. नवे ठोकळे पितळेचे किंवा डेलरिन या कठीण प्लास्टिकचे करून घेता येतात. मी डेलरिनला पसंती देतो, कारण पितळेत धार बसताना बारीक किणकिण राहिलेली मी ऐकली आहे. मागच्या वजनाचे आतील रबरही ढिले पडून वजन खाली झुकते, तेही पाहावे. थाळी आणि बेअरिंग यांच्या तोडीचा हा आर्म नाही, हे मान्य केले पाहिजे, पण ठोकळे चांगले बसले तर तो आपले काम प्रामाणिकपणे करतो, आणि त्यासाठी दुसरा आर्म कापून बसवून मूळ चौकट बिघडवावी असे मला वाटत नाही.

चौकट दाबलेल्या पोलादी पत्र्याची आहे आणि ती पातळ आहे. बोटाने टिचकी मारली तर ती वाजते. कंपनीने ती हलक्या लाकडी पेटीत स्प्रिंगांवर बसवली होती. त्यामुळे चार किलोंच्या थाळीखाली पोकळ डबा, अशी स्थिती झाली. इथे थोडे सुतारकाम केले तर यंत्र ओळखू येणार नाही इतके सुधारते. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तीन-चार थर एकमेकांवर चिकटवून, मोटर आणि बेअरिंगपुरती जागा कोरून, चौकट त्यावर थेट स्क्रूने कसावी. आपल्या भागातील लोक आलापल्लीच्या सागवानाचा आग्रह धरतात, आणि ते लाकूड उत्तमच आहे; पण एकसंध फळीला स्वतःचा नाद असतो आणि पावसाळ्यात ती थोडी तरी हलते, तर आडव्या-उभ्या थरांचा प्लाय निःशब्द आणि सपाट राहतो. सागवान बाहेरून पट्टी म्हणून लावावे. पत्र्याचा नाद मारण्यासाठी काही जण गाडीच्या दारांत लावतात ती डांबरी शीट आतून चिकटवतात. मे महिन्यात ती मऊ होऊन मोटरवर ओघळलेली मी पाहिली आहे, त्यामुळे ती टाळावी.

ठेवण्याची जागाही बांधणीचाच भाग समजावा. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर चालताना सुई उडते. खाली, सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर जड टेबल, किंवा भिंतीत पक्की बसवलेली फळी हवी, आणि ती लेव्हल ट्यूबने दोन्ही दिशांनी तपासावी. आपल्याकडची भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्याबरोबर घरही हलते. म्हणून ही तपासणी वर्षातून दोनदा तरी करावी. कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू आणि धूळ घरभर असते, तेव्हा झाकण बंद ठेवावे. निमुळत्या दांड्यावर एक तंतू गुंडाळला गेला तरी गती बिघडते.

विजेच्या सुरक्षिततेविषयी दोन गोष्टी तातडीच्या आहेत. या यंत्रांच्या बटणाशी ठिणगी दाबून टाकण्यासाठी एक कपॅसिटर जोडलेला असतो. पन्नास वर्षांचा कपॅसिटर कधीही शॉर्ट होऊ शकतो, तेव्हा यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वी तो काढून त्याच किमतीचा, एक्स टू वर्गाचा, मुख्य विजेसाठी बनवलेला कपॅसिटर बसवावा. दुसरे, पत्र्याची चौकट अर्थ केलेली असलीच पाहिजे. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता राहतो. त्यात पाणी घालत राहावे. स्पीकरमधील गुणगुण पुष्कळदा याच खड्ड्यात सापडते.

कार्ट्रिज. आजोबांच्या काळचे असेल आणि ते क्रिस्टलचे असेल, तर ते मेलेले समजावे. क्रिस्टल कार्ट्रिजमधील रोशेल मीठ ओलावा आणि उष्णता सहन करीत नाही; पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास ते नष्ट होते, आणि टिनाच्या छताखालच्या खोलीत बंद पेटीचे तापमान मे महिन्यात तेवढे होते. सिरॅमिकचे त्या मानाने टिकते. एल ७५ च्या हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाच्या कार्ट्रिज बसवण्याच्या भागावर, अर्ध्या इंचाच्या अंतराचे दोन स्क्रू असतात, म्हणून आजची बहुतेक चुंबकीय कार्ट्रिज त्यावर बसतात. आर्म जरा जड असल्यामुळे फार नाजूक, अतिशय लवचीक सुईचे कार्ट्रिज घेऊ नये, दोन ते तीन ग्रॅमवर चालणारे घ्यावे. सिरॅमिक कार्ट्रिज अॅम्प्लिफायरला काही शे मिलिव्होल्ट देते आणि चुंबकीय केवळ चार-पाच. त्यामुळे मध्ये फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागेल, जो आवाज वाढवण्याबरोबर रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्जही पुन्हा भरून काढतो.

आजोबांच्या रेकॉर्डमध्ये ७८ च्या असतील तर त्यांना वेगळी सुई हवी. त्यांची खोबण रुंद असते. तिला सुमारे ६५ ते ७० मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, स्टिरिओ एलपीचे टोक त्याच्या साधारण चौथाईचे असते आणि ते ७८ च्या खोबणीच्या तळाशी जाऊन केवळ खरखर उचलते. सुई बदलून दोन्ही चालतील असे कार्ट्रिज मिळते. या ७८ च्या रेकॉर्ड लाखेच्या आहेत, आपल्या शिवारातील पळसावर किड्यांमुळे धरते तीच लाख. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून वर रबरासाठी सांगितलेले आयसोप्रोपिल त्यांच्या जवळही नेऊ नये. साधे स्वच्छ पाणी आणि मऊ कापड पुरे, आणि मधल्या कागदी लेबलावर पाणी जाऊ देऊ नये. एलपी उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत.

खर्चाचा क्रम आपण विचारलेला नाही, तरी सांगतो. पैसे थोडे असतील तर आधी कपॅसिटर आणि वायर, मग बेअरिंगची सफाई, मग रबर, मग आर्मचे ठोकळे, मग कार्ट्रिज, आणि प्लिंथ, म्हणजे खालची लाकडी पेटी, सर्वांत शेवटी. चौकटीला रंग देऊ नये आणि थाळीला पॉलिश करू नये. पॉलिशच्या चाकावर थाळी दाबली जाते आणि कारखान्याने जुळवलेला तोल बिघडतो.

दारव्ह्याला किंवा जवळच्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीकडे यंत्र नेणार असाल, तर थाळी काढून वेगळ्या गोधडीत गुंडाळावी, आर्म दोऱ्याने त्याच्या खांबाला हलकेच बांधावा, मागचे वजन उतरवून कापडात ठेवावे. बेअरिंगच्या तोंडात कागदाचा बोळा घालावा, म्हणजे गोळी उडणार नाही आणि धूळ आत जाणार नाही. एसटीने येणार असाल तर चौकट मांडीवर घ्यावी आणि थाळी पायांशी, आडवी.